गार चहा हवा, बर्फ नको



मे महिन्यात आमच्याकडे अमेरिकेहून पाहुणे आले होते. माझी पुतणी, तिचे यजमान आणि त्यांची चौदा वर्षांची लेक. जॉर्जिया राज्यात अटलांटाजवळ राहतात. हिंगोलीचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला मी काय सांगावं! दुपारी बाराला दार लावायचं ते चारलाच उघडायचं. पोरगी बिचारी कूलरसमोरून हलत नव्हती. पन्हं झालं, ताक झालं, लिंबू सरबत झालं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आजी, आज मी तुम्हा सगळ्यांसाठी स्वीट टी करते. आमच्याकडे उन्हाळ्यात रोज असतो."

मला कौतुक वाटलं. आजकाल कोणती मुलगी आपणहून पातेलं हातात घेते? मी तिला चहापत्ती, साखर, पातेलं काढून दिलं आणि देवघरात जाऊन बसले. तासाभराने ती ट्रे घेऊन आली. उंच ग्लास, तांबूस काळा चहा, वर लिंबाची चकती, आणि ग्लास निम्मा बर्फाने भरलेला. फ्रिजरमधला बर्फ. सुनेने कधीतरी नातवाच्या पायाला लागलं तेव्हा शेकायला करून ठेवलेला.

मी म्हटलं, "बाळा, बर्फ आपल्याला चालत नाही गं." आणि ग्लास बाजूला सरकवला.

तिचा चेहरा उतरला. रडली नाही, चिडली नाही. ट्रे उचलला आणि म्हणाली, "आजी, काय काय चालत नाही ते मला पाठ झालंय. काय चालतं ते एकदा लिहून दे ना."

पुतणीने तिला डोळ्यांनीच दटावलं. पण मला वाटलं, पोरीचा हिशेब बरोबर आहे. आल्यापासून तीन दिवसांत मी तिला किती वेळा "नाही" म्हटलं ते मोजायला बसले तर बोटं पुरली नसती. बटाट्याचे वेफर्स नाही, पोळीवर मध नाही, रात्री भूक लागली तर फ्रिज उघडायचा नाही. आणि ही मुलगी धर्माला विटलेली नाही बरं का. अटलांटाजवळ नॉरक्रॉसला जैन मंदिर आहे, तिथल्या पाठशाळेत ती जाते. णमोकार मंत्र स्वच्छ म्हणते. चोवीस तीर्थंकरांची नावं लांछनासकट सांगते. अशा मुलीला आपल्या आजीच्या घरी धर्म म्हणजे नुसतं "नाही" ऐकू यावं, यात चूक तिची की माझी?

दुसऱ्या दिवशी आम्ही शिरड शहापूरला मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनाला गेलो. परत येताना उन्हाने जीव कासावीस झाला, म्हणून वाटेत एका रसवंतीवर थांबलो. आपण सगळ्याजणी म्हणतो तेच मी म्हटलं, "दादा, आलं नको, बर्फ नको. आणि आधी दोन ऊस नुसतेच काढा, आल्याचा रस जाऊ द्या." त्यानेही न विचारता तसंच केलं, आपली गिऱ्हाईकं त्याला माहीत आहेत. पोरीने दोन ग्लास रस प्यायला आणि मला म्हणाली, "आजी, इथे तू आलं नको, बर्फ नको म्हणालीस आणि रस प्यायलीस. माझ्या चहाला मात्र सरळ नाही म्हणालीस."

मैत्रिणींनो, हा लेख त्या एका वाक्यासाठी आहे.

आपल्या समाजात अशा नव्या पदार्थांबद्दल दोन प्रकारची मतं ऐकू येतात. एक म्हणजे, "हे परदेशी थेर आपल्याकडे कशाला? पन्हं काय वाईट आहे?" दुसरं म्हणजे, "आता कोण पाळतं इतकं? फिल्टरचं पाणी, मशीनचा बर्फ, सगळं शुद्धच असतं." मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्याने मुलं आपल्यापासून तुटतात आणि दुसऱ्याने नियम तुटतो. मधला रस्ता कष्टाचा आहे, कारण त्यात पदार्थ समजून घ्यावा लागतो. त्याच्यातलं काय आपलं आहे आणि काय नाही हे एकेक करून निवडावं लागतं, तांदूळ निवडतो तसं. म्हणून मी त्या चहाची माहिती काढली.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, म्हणजे जॉर्जिया, अलाबामा, दक्षिण कॅरोलिना, व्हर्जिनिया वगैरे भागात, हा गोड गार चहा घरोघरी असतो. जेवणाबरोबर पाण्यासारखा पितात. 2003 साली जॉर्जियाच्या विधानसभेत एका सदस्यांनी एप्रिल फूलची चेष्टा म्हणून विधेयकच मांडलं होतं, की ज्या हॉटेलात गार चहा मिळतो तिथे गोड गार चहा मिळालाच पाहिजे! इतकं त्यांचं त्याच्यावर प्रेम.

या चहाचा एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. 1904 साली सेंट लुईस शहरात मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे रिचर्ड ब्लेचिन्डन नावाचे गृहस्थ भारतीय चहाचा प्रचार करत होते. उकाड्यात गरम चहाकडे कोणी फिरकेना, म्हणून त्यांनी तो गार करून वाटला आणि लोकांच्या उड्या पडल्या, अशी गोष्ट सांगतात. गार चहाचा शोधच तिथे लागला असंही काहीजण म्हणतात, पण ते खरं नाही. त्याच्या पंचवीस वर्षं आधी, 1879 साली, व्हर्जिनियातल्या मॅरियन कॅबेल टायरी यांनी संपादित केलेल्या घरसंसाराच्या पुस्तकात गार चहाची कृती छापलेली आहे. त्यात चहा हिरवा आहे. काळा चहा तिकडे नंतर रुळला. दुसऱ्या महायुद्धात चीन-जपानकडून येणारा हिरवा चहा बंद पडला आणि भारताकडचा काळा चहा अमेरिकेच्या घराघरात गेला. म्हणजे ती पोर माझ्यासमोर जो ग्लास घेऊन आली होती, त्याच्यातली पत्ती मुळात आपल्याच बाजूची.

त्या जुन्या कृतीतली एक गोष्ट मला फार आवडली. रात्रीच्या जेवणासाठी चहा हवा असेल तर सकाळच्या न्याहारीच्या वेळी करून ठेवा, असं तिथे सांगितलंय. सकाळी केलेला चहा त्याच दिवशी संपवायचा. आपल्या "शिळं ठेवू नये" या शिकवणीच्या किती जवळ आहे बघा!

आता निवडायला बसू.

आधी आपल्याला चालण्यासारखं. पाणी उकळलेलं असतं, ही सगळ्यात मोठी गोष्ट. दूध नसतं. तिकडची बरीच जैन मुलं आता गायीम्हशींच्या हालांमुळे दूध सोडतायत. माझ्या पुतणीची लेकही दूध घेत नाही. तिला आपला दुधाचा चहा देता येत नव्हता, हा देता येतो. गोडीला साखर असते, आणि ती पाणी गरम असतानाच विरघळवतात. हीच या चहाची खूण आहे. गार चहात वरून साखर घातली की ती तळाशी बसते, वरचा घोट कडू आणि शेवटचा घोट पाक. गरम असताना घातली की सगळीकडे सारखी गोडी. लिंबू आपल्याला चालतं. चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात, त्याने तुरटपणा कमी होतो आणि रंग स्वच्छ राहतो. तोही चालतो.

आता न चालण्यासारखं. पहिला बर्फ, त्याच्याबद्दल पुढे सविस्तर बोलते. दुसरा मध. काही जणी आरोग्याच्या नावाखाली साखरेऐवजी मध घालतात. मैत्रिणींनो, मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग आपल्या मूलगुणांतला आहे. पोळं पिळून काढलेली गोडी आरोग्याच्या नावाने घरात आणू नका. तिसरं ताजं आलं. ते कंदमूळ; पण सुंठ चालते. आपल्या वसमतच्या हळदीचंच घ्या. ओली हळद आपण घेत नाही आणि शिजवून वाळवलेल्या हळदीशिवाय आपली आमटी होत नाही. सुंठीचा न्याय तोच. चौथा उन्हात ठेवून केलेला चहा. काचेच्या बरणीत पाणी आणि पत्ती घालून दिवसभर उन्हात ठेवायची, अशी एक पद्धत तिकडे आहे. त्यात पाणी उकळत नाही, नुसतं कोमट होतं, आणि कोमट पाण्यात तासन्‌तास जीव वाढायला वावच मिळतो. तिकडचे डॉक्टरसुद्धा ती पद्धत नको म्हणतात. आपण तर म्हणणारच. पाचवी गोष्ट, करून दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवणं. आणि सहावी, सूर्यास्तानंतर पिणं.

आता बर्फाकडे येते.

बर्फ आपल्या बावीस अभक्ष्यांत येतो. दिगंबर परंपरेच्या यादीत ओला आणि तुषार आहेत, श्वेतांबर परंपरेत हिम आणि करा आहेत. म्हणजे गारा आणि बर्फ, दोन्हीकडे वर्ज्य. पाण्याच्या एका थेंबात असंख्य अप्कायिक जीव मानणारा आपला धर्म. बर्फ म्हणजे अशा थेंबांचा घट्ट गोळा. आणि मुख्य म्हणजे जगायला त्याची गरज नाही. पाणी लागतं, म्हणून आपण ते गाळून, उकळून, जपून वापरतो. बर्फ नुसत्या जिभेच्या सुखासाठी लागतो.

ही मुलगी वाद घालायला हुशार. म्हणाली, "आजी, उकळलेल्या पाण्याचा बर्फ केला तर? त्यात जीव कुठून आले?" प्रश्न चांगला आहे. मी सांगितलं ते असं. आपल्याकडे पाण्याला मुदत असते. गाळलेल्या पाण्याची दोन घटिका, म्हणजे 48 मिनिटं. लवंग-वेलची घालून प्रासुक केलेल्या पाण्याची दोन प्रहर, म्हणजे सहा तास. चांगलं खळखळ उकळलेल्या पाण्याची आठ प्रहर, म्हणजे 24 तास. श्वेतांबर घरांत उकळलेल्या पाण्याची मुदत ऋतूप्रमाणे बदलते : उन्हाळ्यात पाच प्रहर, हिवाळ्यात चार, पावसाळ्यात तीन. फ्रिजरमध्ये ठेवलं म्हणून हे घड्याळ थांबतं असं मला कोणत्याही महाराजांनी सांगितलेलं नाही. आणि आपल्या घरात बर्फाचा ट्रे कधी भरला हे कोणाला आठवतं? आमच्या ट्रेमधला बर्फ नातवाच्या पायासाठी केलेला, त्याला महिना झाला होता.

ती पुढे म्हणाली, "मग फ्रिज कसा चालतो?" इथे मी जरा गप्प झाले. खरं सांगते, आमच्या घरी फ्रिज आहे आणि मी त्यात दूध ठेवते, भाजी ठेवते. माझ्या सासूबाई असत्या तर त्यांनी तेही केलं नसतं. त्या आडाचं पाणी गाळून जिवाणी परत आडात सोडायच्या. मी नळाचं पाणी गाळते, जिवाणी सोडायला आड राहिला नाही. म्हणजे मी सगळं पाळते आणि तू पाळत नाहीस, असं मी त्या पोरीला म्हणू शकत नाही. प्रत्येक पिढीने काहीतरी सोडलंय. पण सगळं सोडून द्यायला ते कारण होत नाही. जेवढं माझ्या हातात आहे तेवढं मी धरून ठेवते, आणि बर्फ न घालणं माझ्या हातात आहे. एवढंच मी तिला सांगितलं. तिला ते पटलं असावं, कारण तिने लगेच विचारलं, "मग बर्फाशिवाय गार कसं करायचं?"

त्याचं उत्तर सासूबाईंकडेच होतं. आमच्या जुन्या घरात फ्रिज नव्हता. पाहुणे यायचे असले की सासूबाई सरबताचं भांडं परातीत ठेवायच्या, परातीत दोन बोटं पाणी, भांड्याभोवती ओला पंचा गुंडाळलेला, त्याची टोकं पाण्यात, आणि हे सगळं उत्तरेच्या खिडकीत. ओल्या कापडातलं पाणी वाऱ्याने उडतं आणि उडताना भांड्याची उष्णता घेऊन जातं. माठाचं तत्त्व तेच. आपल्या मराठवाड्याची हवा उन्हाळ्यात कोरडी, म्हणून इथे हे चांगलं साधतं. कोकणात, मुंबईत दमट हवेत इतकं साधणार नाही.

आम्ही दोघींनी मिळून तो चहा केला. तुमच्यासाठी प्रमाण लिहिते. दोन लिटरसाठी आहे, साधारण आठ ग्लास होतात.

सकाळी दोन लिटरहून थोडं जास्त पाणी दुहेरी स्वच्छ गाळण्याने गाळून घ्या आणि चांगलं खळखळ उकळा. त्यातलं अर्धा लिटर एका पातेल्यात काढून घ्या. उरलेलं झाकून गार व्हायला ठेवा. पुढे मिसळायला हेच वापरायचं. इथेच बऱ्याच जणी चुकतात. चहा उकळलेल्या पाण्याचा करतात आणि वरून माठातलं कच्चं पाणी ओततात. मग उकळलं कशाला?

काढलेल्या अर्ध्या लिटरला परत उकळी आणून गॅस बंद करा. चार लहान चमचे चहापत्ती आणि चिमटीत मावेल एवढा सोडा घाला, झाकण ठेवा. आपली दाणेदार पत्ती कडक असते, तिला तीन-चार मिनिटं पुरतात. पत्ती घालून उकळत ठेवू नका. दुधाच्या चहाला ती सवय आहे, दूध तुरटपणा झाकतं. इथे झाकायला काही नाही, उकळलात तर जीभ आवळून येईल. गाळताना पत्ती चमच्याने दाबूही नका.

गाळलेल्या गरम चहात लगेच साखर घालून विरघळवा. मग आधी उकळून गार केलेलं दीड लिटर पाणी मिसळा. हवं तर चार वेलदोडे ठेचून किंवा चिमूटभर सुंठ घाला. पातेलं झाकून आधी खोलीतल्या हवेवर निवू द्या आणि मगच ओल्या पंच्यात ठेवा. गरम चहा एकदम गार केला तर तो गढूळ होतो, चहातले तुरट घटक एकत्र येऊन पांढरट दिसायला लागतात. चव बिघडत नाही, पण पाहुण्यांसमोर ठेवायला बरं दिसत नाही. लिंबू मात्र देताना पिळा. लिंबू पिळताच रंग फिका होतो, ती मुलांना गंमत वाटते.

पंचा भिजवायचं आणि परातीतलं पाणीही गाळलेलंच घ्या. काम झालं की पंचा पिळून वाळत घाला. ओला गोळा करून ठेवला तर जीव वाचवायला म्हणून केलेल्या कामात जीव तयार करून ठेवाल.

सकाळी नऊला केलेला चहा दुपारी तीनला छान गार होता. बर्फाच्या ग्लाससारखे दात नाही शिवशिवले. पण घसा सुखावला. पोरगी म्हणाली, "आजी, बर्फ नाही म्हणून शेवटपर्यंत पाणचट होत नाही!" हे तर मलाही सुचलं नव्हतं. बर्फ वितळला की चहा पातळ होतो, म्हणून तिकडे मुळातच जास्त कडक आणि जास्त गोड करतात.

आता गोडीचा हिशेब. मी बी.कॉम. झालेली बाई, आकडे दिसले की बेरीज करते. पोरीच्या आईच्या पद्धतीत दोन लिटरला एक कप साखर होती. एक कप म्हणजे साधारण 200 ग्रॅम. आठ ग्लास, म्हणजे एका ग्लासात 25 ग्रॅम. चहाचे पाच-सहा चमचे! जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर मोठ्या माणसाने दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. म्हणजे एका ग्लासात दिवसाचा कोटा संपला. आणि उन्हाळ्यात एका ग्लासावर कोण थांबतं? तिकडे जेवणाबरोबर दोन-तीन सहज होतात. श्रावकाच्या बारा व्रतांत भोगोपभोग परिमाण आहे. ज्याचा उपभोग घ्यायचा त्याला मोजमाप लावायचं. आपण ते व्रत किती साड्या, किती दागिने एवढ्यापुरतं ठेवतो. साखरेच्या डब्यापर्यंत ते पोचतच नाही. आपल्या समाजात उपवास करणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याही पुष्कळ आहेत. हे आपल्याच मंडळात नजर फिरवली की दिसतं.

म्हणून आम्ही साखर निम्मी केली. दोन लिटरला 100 ग्रॅम, ग्लासाला साडेबारा. वेलदोडा आणि लिंबू असलं की कमी पडत नाही. आमच्या यजमानांना साखर वर्ज्य, त्यांच्यासाठी साखर घालायच्या आधीच थोडा कडक चहा वेगळा काढून ठेवला आणि त्यात पाणी मिसळलं. ते म्हणाले, "हा काय चहा झाला?" पण प्यायले.

बाजारात गार चहाची तयार पूड मिळते. एकदा दुकानात डबा उलटा करून वाचून बघा. घटकांची नावं प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असतात. पहिलं नाव साखरेचं असेल तर तुम्ही चहा विकत घेत नाही, साखर विकत घेताय. घरी करायला वीस मिनिटं लागतात आणि आत काय आहे ते आपल्याला माहीत असतं.

काही जणी म्हणतील, चहाच मुळात व्यसन आहे, त्याचं काय कौतुक? तेही मला मान्य आहे. ज्यांनी चहा सोडलाय त्यांनी हा करू नये, त्यांच्या त्यागाला माझा नमस्कार. लहान मुलांना देऊ नका आणि संध्याकाळी उशिरा कोणीच घेऊ नका, झोप उडते. उन्हाळ्यात पन्हं, ताक, सरबत पहिलं, हा चहा आठवड्यातून एखाद्या दिवशी, पाहुण्यांच्या निमित्ताने. मुलांच्या तोंडची प्रत्येक चव पुरवा असं मला म्हणायचं नाही. पण मूल एखादी गोष्ट प्रेमाने घेऊन आलं, तर "नाही" म्हणायच्या आधी त्यातलं किती "हो" होऊ शकतं ते आपण स्वयंपाकघरात जाऊन बघावं. आपल्या आई-आजींनी हेच केलं. कांद्याशिवाय रस्सा घट्ट कसा करायचा, बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याची भाजी कशी करायची, आल्याऐवजी सुंठ कुठे घालायची, हे त्यांनी शोधून काढलं म्हणून आपल्याला कधी काही सोडल्यासारखं वाटलं नाही. आपण ताट भरलेलं बघितलं. आताच्या मुलांना आपण फक्त यादी देतोय.

आणि गार, गोड पेयाचं आपल्या धर्माला वावडं नाही. भगवान ऋषभदेवांना वर्षाहून अधिक काळ आहार मिळाला नव्हता. द्यावा कसा हे लोकांना माहीत नव्हतं. हत्ती, घोडे, रत्नं घेऊन लोक समोर यायचे. हस्तिनापूरच्या श्रेयांस राजाला योग्य विधी उमगला आणि त्याने ओंजळीत उसाचा रस दिला. ती अक्षय तृतीया. दरवर्षी आपण ही कथा सांगतो. त्या लोकांकडे श्रद्धा कमी नव्हती, काय आणि कसं द्यावं हे ठाऊक नव्हतं. यंदा ही कथा आठवली तेव्हा मला माझा बाजूला सरकवलेला ग्लास आठवला. त्या पोरीकडेही श्रद्धा होती. विधी सांगायचं काम माझं होतं.

जायच्या आदल्या दिवशी तिने पुन्हा एकटीने चहा केला. पाणी गाळलं, उकळलं, घड्याळ लावलं, पंचा भिजवला. पाच वाजता आम्ही सगळे ओट्यावर बसलो. अंथऊला अजून वेळ होता. तिने मला ग्लास दिला आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी पूर्ण संपवला आणि अर्धा अजून मागितला.

तिने मागितलेली यादीही मी लिहून दिली आहे. "काय चालतं" असं वर लिहून दोन पानं भरली. घरी पोचल्यावर तिने फोन केला. तिकडे उन्हाळ्यात रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो, म्हणून दिवस मावळायच्या आत जेवणं तिला जमतंय म्हणाली. यादी फ्रिजवर लावली आहे. आणि शेवटी विचारलं, "आजी, थँक्सगिव्हिंगला भोपळ्याचा गोड पाय करतात इथे, त्यात अंडं असतं. ते काढून कसं करायचं?"

मला अजून जमलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला येत असेल तर कळवा.

जय जिनेंद्र.